अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला अप्लाय करताना: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, डोंबिवली, कधी न्यू जर्सीतून एखादी आई मुलीसाठी विचारते. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण जो विचारतोय त्याच्यासाठी तो पहिल्यांदाच असतो, त्यामुळे घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हायला मला जड जातं. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतेय. मी सांगलीत बीए केलं, पुण्यात एमए, मग २ वर्षं फील्डवर संशोधनाचं काम, आणि आता अमेरिकेत मिडवेस्टमध्ये क्लिनिकल पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी ११ ठिकाणी अप्लाय केलं, एकही इंटरव्ह्यू आला नाही. दुसऱ्या वर्षी ९ ठिकाणी केलं, ३ इंटरव्ह्यू आले, १ ऑफर आली. मार्क दोन्ही वर्षी तेच होते, कॉलेज तेच, त्यामुळे मधे काय बदललं हे मला जास्त सांगायचंय.

ताई, तिकडे सायकॉलॉजिस्ट व्हायला नुसतं एमए चालत नाही का?

नाही चालत. बहुतेक राज्यांमध्ये 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द लायसन्सशिवाय स्वतःच्या नावापुढे लावता येत नाही आणि त्या लायसन्ससाठी डॉक्टरेट लागते. पण थेरपी करायला मात्र मास्टर्स पुरतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. काउन्सेलिंगमधलं मास्टर्स, फॅमिली थेरपीमधलं मास्टर्स किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स, मग सुपरव्हिजनखाली ठरलेले तास आणि परीक्षा, की तुम्ही लायसन्स असलेले थेरपिस्ट. तुम्हाला माणसांसोबत बसून काम करायचंय, डेटा बघून अंगावर काटा येत असेल, तर तोच रस्ता धरा आणि त्यात कमीपणा मानू नका. पीएचडीमध्ये आठवड्यातला मोठा भाग संशोधनात जातो, ते आवडत नसेल तर ५-६ वर्षं फार लांब वाटतात.

पीएचडी की साय.डी.? नेमका फरक काय?

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हा फरक डोक्यात बसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मानसिक त्रास घेऊन परतलेल्या सैनिकांसाठी माणसं कमी पडत होती, तेव्हा १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला परिषद झाली आणि ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असेल आणि उपचार करणाराही. आजच्या बहुतेक पीएचडी त्याच साच्यातल्या. मग १९७३ मध्ये, तिथूनच जवळ व्हेलला आणखी एक परिषद झाली आणि तिथे प्रत्यक्ष प्रॅक्टिसवर भर देणाऱ्या साय.डी. या पदवीला मान्यता मिळाली. लायसन्स दोन्हींनी मिळतं, तेच मिळतं.

खरा फरक पैशाचा आहे आणि तो आधी बघा. विद्यापीठातल्या चांगल्या पीएचडी प्रोग्रॅममध्ये फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, साधारण वर्षाला २० ते ३५ हजार डॉलर, शहरानुसार आणि विद्यापीठानुसार. त्या बदल्यात तुम्ही शिकवता किंवा लॅबमध्ये काम करता. साय.डी. मध्ये बहुतेक ठिकाणी फी तुमची तुम्ही भरायची, आणि अमेरिकन मुलांना जे सरकारी शैक्षणिक कर्ज मिळतं ते एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला मिळत नाही, म्हणजे सगळा भार घरावर येतो. अपवाद आहेत, विद्यापीठांशी जोडलेले काही साय.डी. प्रोग्रॅम खरंच उत्तम आहेत, न्यू जर्सीत रटगर्सचा तर १९७४ पासूनचा. पण एका बॅचला ढिगाने मुलं घेणाऱ्या आणि लाखो डॉलर बिल करणाऱ्या ठिकाणी जाण्यासाठी वडिलांची जमीन किंवा फ्लॅट गहाण ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगते आणि इथेही सांगते. मला दोन मुली माहिती आहेत ज्या असं जाऊन अर्ध्यात परत आल्या, अभ्यासात त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

काउन्सेलिंग सायकॉलॉजीची पीएचडी चालेल का?

हो, चालेल. काउन्सेलिंग आणि स्कूल सायकॉलॉजी या दोन्ही पीएचडींनाही एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता असते आणि पुढे सायकॉलॉजिस्टचंच लायसन्स मिळतं. यादीत २-३ ठेवाच.

एपीए मान्यता कशी बघायची आणि अजून काय तपासायचं?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या साईटवर मान्यताप्राप्त प्रोग्रॅमची यादी आहे, ती उघडा आणि नाव शोधा. नाव नसेल तर विषय संपला, कारण पुढे इंटर्नशिपपासून लायसन्सपर्यंत प्रत्येक दारात तो प्रश्न येतो.

त्यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला आपल्या वेबसाईटवर एक पान ठेवावंच लागतं, ॲडमिशन आणि आउटकम्सचा डेटा म्हणून. त्यात किती जण आले, फी किती, फंडिंग काय, पदवीला किती वर्षं लागली, किती जण मधेच सोडून गेले, किती जणांना मान्यताप्राप्त इंटर्नशिप मिळाली, किती जणांना लायसन्स मिळालं, सगळं असतं, बरंचसं वर्षवार. मी चहा घेऊन बसते आणि आधी सोडून गेलेल्यांचा रकाना बघते. एखाद्या वर्षी कुणी सोडलं तर ते माणसाचं आयुष्य असतं, आजारपण, लग्न, काहीही. पण दरवर्षी त्या रकान्यात आकडा असेल तर तिथे काहीतरी बरं नाहीये असं समजा. मग इंटर्नशिपचा रकाना, तिथे मान्यताप्राप्त जागा मिळालेल्यांचं प्रमाण शंभरच्या जवळ पाहिजे. ब्रोशरमधले हसरे फोटो नंतर बघा.

किती टक्के लागतात? ॲडमिशन किती अवघड आहे?

कटऑफ नावाचा प्रकार नाही, बारावीनंतरच्या मेरिट लिस्टसारखं काही लागत नाही. नावाजलेल्या पीएचडीला शेकड्यांनी अर्ज येतात आणि जागा असतात ५ ते १०. त्यात २०२५ मध्ये संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा आणखी कमी केल्या, त्यामुळे अप्लाय करण्याआधी यंदा मुलं घेतायत का हे प्रत्येक ठिकाणी बघा.

मार्क चांगले हवेत, नाहीत असं मी म्हणत नाही. पण एका पातळीच्या वर गेल्यावर सगळ्यांचेच चांगले असतात, आणि मग ६५ आणि ७२ टक्क्यांतला फरक तिकडच्या प्रोफेसरला कळतही नाही.

मग निवड कशावर होते?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय.

आपल्या डोक्यात असतं की आपण विद्यापीठात ॲडमिशन घेतो. क्लिनिकल पीएचडीत बहुतेक ठिकाणी तुम्ही एका माणसाच्या लॅबमध्ये जाता. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गाईड. तो किंवा ती दरवर्षी एक विद्यार्थी घेणार, कधी एकही नाही, आणि त्या विद्यार्थ्यासोबत पुढची ५-६ वर्षं काम करणार. त्यामुळे तुमचा अर्ज वाचताना गाईडच्या मनात प्रश्न असतो की माझ्या लॅबमध्ये जे चाललंय त्यात हिला खरंच काही शोधायचंय का. ही मुलगी किती हुशार आहे हे त्यानंतर येतं.

पहिल्या वर्षी माझ्या अर्जात होतं की मला लहानपणापासून माणसांचं मन समजून घ्यायची आवड आहे, डिप्रेशन, ॲंग्झायटी, ट्रॉमा, मुलांचे प्रश्न, सगळ्यात रस आहे. ११ ठिकाणी तेच पाठवलं, खाली फक्त प्रोफेसरचं नाव बदललं. अर्जांच्या फीमध्येच लाखाच्या घरात रुपये गेले. त्या ११ जणांपैकी एकालाही कळलं नसणार की ही नेमकी माझ्याकडे का येतेय, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

मधल्या वर्षात मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात घरोघरी फिरून डिप्रेशनचा सर्व्हे करत होते. सुरुवातीला दोन प्रश्नांची चाळणी असायची, पीएचक्यू या डिप्रेशनच्या प्रश्नावलीतले पहिले दोन, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का आणि उदास, निराश वाटलं का. दोन्हीला शून्य आलं की पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत, आभार मानून उठायचं. एका घरी काकू अंगणात भांडी घासत होत्या. मी प्रश्न वाचला. 'उदास व्हायला येळ कुठाय बाय,' म्हणाल्या, हात थांबले नाहीत. दोन्हीला शून्य. मी टॅब बंद केला, चप्पल घातली, आणि त्या राखेचे हात तसेच धरून म्हणाल्या, 'पर जिवाला थारा न्हाई बघ. छातीवर धोंडा ठेवल्यागत हुतंय, संध्याकाळ झाली की पोटात खड्डा पडतोय, सहा म्हयनं झालं.' माझ्या टॅबमध्ये या बाईचं नाव 'लक्षणं नाहीत' मध्ये जाऊन बसलं होतं.

त्या दिवशी रात्री मी वहीत लिहिलं, या चाळणीतून कोण गळतंय? मग त्याच डेटामध्ये बघायला लागले, प्रोजेक्टच्या मॅडमची परवानगी घेतली, गळलेल्या काही घरांमध्ये परत जाऊन मोकळेपणाने बोलले, त्याचं एक छोटं पोस्टर झालं. दुसऱ्या वर्षी अर्ज या प्रश्नापासून सुरू झाला, आणि मी फक्त अशाच लोकांना शोधलं जे एका भाषेत बनलेली प्रश्नावली दुसऱ्या भाषेतल्या माणसाचा त्रास पकडते की नाही यावर काम करतात. माझी गाईड स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित बायकांसोबत काम करते. तिला मराठीचा एक शब्द येत नाही. पण इंटरव्ह्यूमध्ये 'छातीवर धोंडा' याचा अर्थ सांगितल्यावर तिने मला २० मिनिटं त्यावरच प्रश्न विचारले.

तर तुमचा असा एक प्रश्न कुठला? तो मोठा नको, जगावेगळा नको, पण तुमच्या अनुभवातून आलेला हवा आणि त्यावर तुम्ही थोडं तरी काम केलेलं हवं. तो सापडला नसेल तर एक वर्ष थांबा. मी थांबायला हवं होतं.

प्रोफेसरला आधी मेल करायचा का?

करायचा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यांच्या लॅबच्या पानावर 'मेल करू नका' असं लिहिलेलं नसेल तर. काही जण तिथेच लिहून ठेवतात की येत्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रासाठी, विद्यार्थी घेणार की नाही, ते आधी वाचा. मेल छोटा ठेवा, मी कोण, माझा प्रश्न काय, तुमचं अमुक काम वाचून त्यात मला हे जोडावंसं वाटतं, तुम्ही यंदा विद्यार्थी घेताय का, सीव्ही जोडलाय. संपलं. 'रिस्पेक्टेड सर' आणि 'काइंडली डू द नीडफुल' काढून टाका, तिकडे 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव पुरतं. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. उत्तर न येणं म्हणजे नकार नाही, मला ज्या गाईडने घेतलं तिने माझ्या पहिल्या मेलला उत्तर दिलं नव्हतं.

एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या निबंधात) मी स्वतःच्या डिप्रेशनबद्दल लिहू का? त्यामुळेच तर मी या विषयात आलो.

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मला आधी सांगायचंय की तुम्ही त्यातून बाहेर येऊन हे करायचं म्हणताय याची मला कदर आहे, आणि या क्षेत्रात अशी माणसं भरपूर आहेत. तरीही एसओपीचा मुख्य धागा तो ठेवू नका. २००६ मध्ये सायकॉलॉजीच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅमच्या ॲडमिशन कमिटी प्रमुखांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, अर्ज कशामुळे मरतो असा, आणि त्यात स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल खूप खोलात लिहिणं हे ठळकपणे होतं. हे न्याय्य आहे का, तर माझ्या मते नाही, आणि हळूहळू बदलतंय सुद्धा. पण अर्ज वाचणारा अनोळखी माणूस आहे, त्याच्याकडे ५ मिनिटं आहेत, आणि तुमचं सगळ्यात नाजूक पान त्याच्या हातात द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. एका वाक्यात लिहायचं असेल तर लिहा, आणि पुढच्याच वाक्यात त्यातून कुठला प्रश्न पडला आणि त्यावर काय काम केलं तिकडे वळा.

रिसर्चचा अनुभव भारतात कुठून आणू? आमच्या कॉलेजमध्ये तर लॅब म्हणजे कुलूप लावलेलं कपाट आहे.

आमच्याकडेही तसंच होतं. अमेरिकन मुलं बीए झाल्यावर एखाद्या लॅबमध्ये वर्ष-दोन वर्षं पगारावर काम करून मग अप्लाय करतात, त्यामुळे एमएचं डेझर्टेशन एवढ्यावर त्यांच्या रांगेत उभं राहणं कठीण जातं. आपल्याकडे जागा आहेत. गोव्यातली संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करतेय, गावातल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून डिप्रेशनवर समुपदेशन करून घ्यायचं, असा त्यांचा प्रयोग लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला आणि जगभर वाचला गेला. कोकणी-मराठी येणाऱ्याला तिथे फील्डवर घरच्यासारखं वाटेल. बेंगळुरूचं निम्हान्स, चेन्नईचं स्कार्फ, पुण्या-मुंबईतल्या हॉस्पिटलांमधले प्रोजेक्ट, सगळीकडे प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा निघतात. पगार कमी असतो, फिरणं खूप असतं. पण डेटा हाताने गोळा करा, साफ करा, आर किंवा एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरवर स्वतः बसून चालवा, आणि इंटरव्ह्यूत 'हे मी केलं' म्हणता येईल इतकं करा. आंतरराष्ट्रीय जर्नलच्या नावाखाली पैसे घेऊन १५ दिवसांत पेपर छापणाऱ्यांच्या नादी लागू नका, सीव्हीवर तसं नाव दिसलं की उलट विश्वास जातो.

सर म्हणाले, 'एलओआर तूच लिहून आण, मी सही करतो.' काय करू?

एलओआर म्हणजे शिफारसपत्र, आणि हे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. सरांना वेळ नसतो, त्यांना हे पत्र तिकडे किती बारकाईने वाचतात याची कल्पना नसते. स्वतः लिहिलेलं पत्र देऊ नका, ते चूक तर आहेच, शिवाय तिन्ही पत्रं एकाच आवाजात वाजतात आणि वाचणाऱ्याला कळतं. मी काय केलं ते सांगते. एका पानावर मुद्दे लिहून नेले, सर, तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या तासाला मी हे केलं होतं, डेझर्टेशनमध्ये तुम्ही सॅम्पल बदलायला लावलं होतं आणि मी तीन आठवडे परत फिरले होते, अमुक तारखेच्या आत लिंक येईल. सर वाचत गेले आणि म्हणाले, अगं हो, ते मी विसरलोच होतो. मग त्यांनी स्वतः लिहिलं. साधं इंग्रजी होतं, पण पत्र त्यांचं होतं. ३ पत्रं लागतात, त्यातली २ तरी तुमचं संशोधन जवळून पाहिलेल्यांची हवीत. मोठ्या नावाच्या माणसाने दिलेलं कोरडं पत्र कामाचं नाही. पत्र कॉलेजच्या ईमेल आयडीवरून जाईल असं बघा, आणि फॉर्ममध्ये पत्र बघण्याचा हक्क सोडताय का असं विचारतात तिथे 'हो' करा.

जीआरई, टोफेल, हे सगळं लागतं का?

जीआरई ही प्रवेशपरीक्षा २०२० नंतर बऱ्याच प्रोग्रॅमनी काढून टाकली, काही ठिकाणी ऐच्छिक आहे, काही ठिकाणी अजून लागते, प्रत्येकाचं पान बघा. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षाही छोटी झालीये, दोन तासांच्या आत संपते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर २ वर्षंच चालतो, त्यामुळे फार आधी देऊन ठेवू नका. तीन वर्षांचं बीए काही विद्यापीठं एकट्याने चार वर्षांच्या बरोबरीचं धरत नाहीत, पण पुढे दोन वर्षांचं एमए असेल तर सहसा अडत नाही.

ट्रान्स्क्रिप्टचं मात्र आजच सुरू करा. मार्कशीट आणि ट्रान्स्क्रिप्ट वेगळं, ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि मार्क एकत्र असलेला विद्यापीठाचा अधिकृत कागद. माझ्या ट्रान्स्क्रिप्टसाठी मी एका खिडकीवर पाच वेळा गेले, चलन भरलं, मग चलन जुन्या फॉरमॅटचं निघालं, मग साहेब रजेवर, आणि शेवटी हातात आलेल्या कागदावर माझ्या आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, म्हणजे परत पहिल्यापासून. यात सात आठवडे गेले. डेडलाइन बहुतेक ठिकाणी १ डिसेंबर असते, थोडी मागेपुढे, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असणार हे धरून चाला.

व्हिसामुळे पुढे काय अडतं?

तीन गोष्टी अडतात आणि त्या अप्लाय करतानाच माहीत हव्यात.

शेवटच्या वर्षी पूर्णवेळ इंटर्नशिप करावी लागते आणि ती देशभरातल्या एका मॅचमधून मिळते, तुमची पसंतीची यादी आणि त्यांची यादी जुळवून. यात सगळ्यात जास्त जागा ज्यांच्याकडे आहेत त्यात माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं येतात, आणि तिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं. म्हणजे तुमची यादी सुरुवातीलाच आखूड होते. जागा मिळतात, माझ्या लॅबमधल्या सीनियरला मिळाली, पण जास्त ठिकाणी अर्ज करावे लागतात.

दुसरं, इंटर्नशिप बहुतेक जण सीपीटीवर करतात, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले की पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे त्याच व्हिसावर आपल्या विषयात काम करायची परवानगी, जाते. इंटर्नशिपही नेमकी वर्षाचीच, त्यामुळे तारखा कशा लावायच्या हे विद्यापीठातल्या इंटरनॅशनल ऑफिसला पहिल्या वर्षीच विचारा, त्यांना हा प्रश्न पाठ असतो.

तिसरं, ओपीटी १२ महिन्यांची, आणि इंजिनीअर मित्रांना जी दोन वर्षांची वाढ मिळते ती स्टेमच्या (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्स) यादीतल्या विषयांनाच. तुमच्या प्रोग्रॅमला कुठला कोड लावलाय ते ऑफर आल्यावर लेखी विचारून घ्या.

इंटरव्ह्यू कसा असतो?

जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, आता बरेच झूमवर. ईस्ट कोस्टला सकाळी ९ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि तिकडचे ५ वाजेपर्यंत चाललं तर आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. दुपारी झोपून घ्या, घरात सांगून ठेवा, शेजारच्या लग्नाचा डीजे असेल तर दुसऱ्या घरी जा, खरंच सांगतेय. गाईड, बाकीचे दोन-तीन प्रोफेसर आणि सध्याची मुलं असे सगळे भेटतात. मुलांना मोकळेपणाने विचारा की गाईड ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देते, स्टायपेंडमध्ये घरभाडं निघतं का. 'इथे आनंदी आहात का' विचारल्यावर ती किती वेळ गप्प बसतात तेही बघा.

शिकून भारतात परत यायचं असेल तर?

तर ठरवण्याआधी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि ती याच कौन्सिलच्या मान्यतेशी बांधलेली आहे. अमेरिकेतली पीएचडी आहे म्हणून आपोआप नोंदणी होत नाही. संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल तर ही नोंदणी सहसा आड येत नाही. भारतातच राहून, तिथेच शिकून क्लिनिकल करायचं असेल, तर एमफिलचा जुना रस्ताही बंद होत आलाय. यूजीसीने एमफिल बंद केलं तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतच सवलत दिली होती, त्यामुळे सीनियरने सांगितलेल्या माहितीवर जाऊ नका, कौन्सिलची ताजी परिपत्रकं बघा.

घरचे म्हणतात सहा वर्षं म्हणजे लग्नाचं वय निघून जाईल.

माझ्या घरी हेच झालं. वाद घालून काही झालं नाही. बाबांना एक दिवस बसवून फी माफ आहे, पगार मिळतो, कर्ज नाही, हे कागदावर दाखवलं, आणि आईला त्या काकूंची गोष्ट सांगितली. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, तुझ्या आजीला पण असंच व्हायचं, आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो.

वेटलिस्टवर आहे, १५ एप्रिल म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच विद्यापीठांनी एक करार मान्य केलाय की फंडिंगसह दिलेल्या ऑफरवर विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असेल, त्याआधी दबाव टाकायचा नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळी हालचाल होते. वेटलिस्टवर असाल तर गाईडला एक मेल टाका की तुमच्याकडे जागा झाली तर मी नक्की येणार, आणि ते खरं असेल तरच टाका. दोन ऑफर हातात असतील तर नको असलेली त्याच दिवशी सोडा, १५ तारखेची वाट बघू नका. मी वेटलिस्टवर पहिली होते. १२ एप्रिलला रात्री साडेअकराला फोन वाजला, कुणीतरी त्या दिवशी सकाळी 'नाही' कळवलं होतं.